क्रोएशियाचे संगीत महोत्सव: ओमिशच्या चौकापासून झर्चेच्या किनाऱ्यापर्यंत

क्रोएशिया आणि संगीत महोत्सव म्हटलं की बहुतेकांना निळा समुद्र, डीजे आणि पहाटेपर्यंतचा नाच एवढंच आठवतं. जाहिरातीही त्याच दिसतात. पण किनाऱ्यावरचे हे महोत्सव बरेचसे 2006 नंतरचे. त्यांच्या चाळीस वर्षं आधी, 1966 आणि 1967 या दोन वर्षांत, या देशात चार मोठे लोकसंगीत महोत्सव सुरू झाले: राजधानी झाग्रेबचा आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सव, विंकोव्चीचा ‘विंकोवाच्के येसेनी’, जाकोवोचा ‘जाकोवाच्की वेझोवी’ आणि ओमिशचा दाल्मेशियन क्लापा महोत्सव. चारही आजतागायत चालू आहेत. उन्हाळ्याचे आठ-दहा दिवस आणि मोजके पैसे हाताशी असतील, तर आमचा कौल स्पष्ट आहे: आधी ओमिश, मग जाकोवो, आणि वेळ उरला तर किनाऱ्यावरचा एखादाच डीजे महोत्सव. का, ते सविस्तर सांगतो.

ओमिश

किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरापासून आग्नेयेला साधारण 25 किलोमीटरवर, त्सेतिना नदी डोंगर फोडून समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. जुलैत इथे क्लापांची स्पर्धा भरते. क्लापा म्हणजे वाद्यांशिवाय, चार पट्ट्यांत गाणारा छोटा संघ: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. पहिला टेनर बहुधा एकटाच असतो आणि गाणं तोच उचलतो. बाकीचे एकेक करून त्याच्या सुरात शिरतात. समोर हातवारे करणारा कोणी नसतो. गायक अर्धवर्तुळात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. ही नुसती शोभेची पद्धत नाही. शेजाऱ्याचा श्वास खांद्यातून कळतो आणि ताल धरायला दुसरं काही नसल्यामुळे ओळ कुठे सुरू करायची, कुठे सोडायची हे त्या श्वासावरच ठरतं. 2012 मध्ये युनेस्कोने क्लापागायनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ऐकताना तीन गोष्टींकडे कान द्या. पहिली, दोन्ही टेनर बराच वेळ तिसऱ्या सुराचं अंतर राखून समांतर चालतात. संघ कच्चा असेल तर हे अंतर वरच्या सुरांवर आकसतं. दुसरी, स्वरांचे उच्चार. ‘आ’ आणि ‘ओ’ सगळ्यांच्या तोंडून एकाच आकाराने निघाले नाहीत, तर सूर बरोबर असूनही आवाज फाटल्यासारखा येतो. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: वाद्याचा आधार नसल्याने लांब गाण्यात पट्टी हळूहळू उतरते. सुरुवातीचा षड्ज मनात धरून ठेवा आणि शेवटच्या सुराशी ताडून बघा, चांगला संघ कोणता ते परीक्षकांच्या निकालाआधीच कळेल. बास हा क्लापाचा खर्ज. तो थकला की सगळी इमारत खाली येते.

स्पर्धा बऱ्याच संध्याकाळी चालते. पूर्वी हा पुरुषांचाच प्रांत होता. आता बायकांचे आणि मिश्र संघही उतरतात आणि नवोदितांसाठी वेगळी फेरी असते. अंतिम रात्रीची तिकिटं सगळ्यात आधी संपतात. ती मिळाली नाहीत तर खट्टू होऊ नका. प्राथमिक फेरीच्या रात्री गर्दी कमी, खुर्ची जवळची आणि संघ जास्त. ज्याला गायकी समजून घ्यायची आहे त्याने प्राथमिक फेरीच गाठावी. सेंट मिहोविल चर्चसमोरच्या चौकात कार्यक्रम होतात तेव्हा भोवतीची दगडी घरं आवाज परतवतात. कडेला बसलात तर एका बाजूच्या भिंतीचा आवाज जास्त येतो आणि चार पट्ट्यांचा तोल बिघडतो. मधली जागा धरा.

आणि कार्यक्रम संपला म्हणून लगेच उठू नका. संघ जेवायला गल्लीतल्या कोनोबांमध्ये, म्हणजे छोट्या खानावळींमध्ये, जातात आणि तिथे पुन्हा गाणं सुरू होतं. परीक्षक नाहीत, मायक्रोफोन नाही, टेबलावर वाइन आणि तळलेले मासे. कित्येकांचं त्या दिवसाचं सर्वोत्तम गाणं इथेच निघतं.

जायचं कसं? स्प्लिटहून 60 क्रमांकाची शहर बस ओमिशला जाते. अंतर कमी असलं तरी उन्हाळ्यात किनाऱ्याचा रस्ता तुंबतो, त्यामुळे दीड तास हाताशी ठेवा. परतीची शेवटची बस केव्हा आहे ते जातानाच थांब्यावर बघून घ्या. कोनोबातलं गाणं ऐकायचं असेल तर मुक्काम ओमिशलाच करणं शहाणपणाचं.

जाकोवो आणि स्लावोनिया

किनारा सोडून पूर्वेच्या सपाट, शेतीच्या प्रदेशात आलं की संगीत पूर्ण बदलतं. इथे तंबुरा आहे. आपल्या तंबोऱ्याशी त्याचं नाव जुळतं, काम मात्र वेगळं. हा छेडून वाजवायचा, पडद्यांचा, सुरावट काढणारा वाद्यपरिवार आहे. बिसेर्नित्सा सगळ्यात छोटी आणि तीक्ष्ण, सुरावट सजवते. ब्राच मधल्या उंचीवर मुख्य चाल धरतो. चेलो त्याच्या खालून दुसरी ओळ विणतो. बेर्दे हा बास उभा धरून वाजवतात, तो ठोक्यावर पडतो. आणि बुगारिया ठोक्यांच्या मधल्या जागेत सुरांचा गुच्छ मारते. बेर्दे-बुगारियाची ही देवाणघेवाण हाच स्लावोनियन तालाचा कणा. एखादा वाद्यवृंद निर्जीव वाटला तर दोष बहुतेक वेळा बुगारियाचा असतो, ती किंचित उशिरा पडते आणि नाचणाऱ्यांचे पाय जड होतात.

‘वेझोवी’ म्हणजे भरतकाम. जुलैच्या सुरुवातीच्या या महोत्सवाला नाव पडलंय ते पोशाखांवरून. सोन्याच्या तारेचं भरतकाम, खळ घातलेलं शुभ्र सुती कापड आणि बायकांच्या छातीवर सोन्याच्या नाण्यांच्या माळा. मिरवणुकीत गावोगावचे संघ एकामागून एक येतात आणि प्रत्येक गावाची वीण, केसांची ठेवण वेगळी असते. फोटो काढायला सकाळची वेळ धरा. रस्त्याच्या ज्या बाजूला सावली आहे तिथे उभे राहिलात तर सोन्याची तार चमकून फोटो बिघडत नाही आणि तुम्हीही भाजून निघत नाही. हा भाग समुद्रापासून दूर आहे, जुलैत पारा सहज तिशीच्या पुढे जातो आणि दुपारनंतर वादळी सर येऊ शकते. पातळ रेनकोट पिशवीत असू द्या.

इथे आवर्जून ऐकावा असा प्रकार म्हणजे बेचारात्स, दोन यमक जुळणाऱ्या ओळींचं खट्याळ गाणं. प्रत्येक ओळीत दहा अक्षरं आणि चौथ्या अक्षरानंतर यती. म्होरक्या पहिली ओळ साळसूदपणे म्हणतो, सगळे ती तंबुऱ्यावर उचलतात, आणि दुसऱ्या ओळीत तो पहिलीची पार खोड काढतो. विषय बहुधा प्रेम, सासू आणि शेजारी. पट्टीचे गाणारे ओळी जागेवर जुळवतात आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावतात. 2011 पासून हाही युनेस्कोच्या यादीत आहे. भाषा येत नसेल तर दुसऱ्या ओळीनंतर लोकांच्या चेहऱ्यांकडे बघा, ओळ किती तिखट होती ते तिथे दिसतं.

झाग्रेबहून गाडीने निघालात तर ए-3 महामार्गाने पूर्वेला जाऊन स्रेदान्चीपाशी ए-5 धरायचा. रेल्वेने येणाऱ्यांची फसगत हमखास होते: मुख्य मार्गावरची गाडी जाकोवोत थांबत नाही, कारण गाव त्या मार्गावर नाहीच. स्त्रिझिवोयना-व्रपोल्ये इथे उतरून ओसियेकची गाडी पकडावी लागते. महोत्सवात गावातल्या खोल्या लवकर भरतात, म्हणून सुमारे 40 किलोमीटरवरच्या ओसियेकला राहणं सोयीचं. जमलं तर जाकोवोचा सरकारी अश्वपैदास तळही बघा, तिथले लिपिझ्झानर घोडे या गावाची दुसरी ओळख आहेत.

ज्यांना जुलैचं ऊन सोसत नाही त्यांनी सप्टेंबरात विंकोव्ची गाठावं. महोत्सव जास्त पसरलेला आहे, हवा सुखाची. पण एकाच दिवसात जास्तीत जास्त पाहायचं असेल तर आटोपशीर जाकोवोच बरं. जाकोवोजवळच्या गोर्यानी गावात ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी ‘ल्येल्ये’ ही मुलींची मिरवणूक निघते. अर्ध्या मुली फुलांच्या उंच टोप्या आणि तलवारी घेऊन राजे झालेल्या असतात, अर्ध्या राण्या. तारीख ईस्टरप्रमाणे सरकते, तेव्हा पंचांग बघूनच बेत आखा.

कानाला आधी खटकणारं इस्त्रिया

वायव्येच्या इस्त्रिया द्वीपकल्पातल्या दोन आवाजी गायनाबद्दल एक इशारा द्यायला हवा: पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते बेसूर वाटतं. ते बेसूर नाही. सुरांमधली अंतरं पियानोच्या पट्टीत न बसणारी, आखूड आहेत. आवाज थोडा नाकातून लावतात आणि दोन्ही आवाज शेवटी एकाच सुरावर किंवा सप्तकावर येऊन मिटतात. सोबतीला सोपेला असते, सनईसारखी दुहेरी पातीची, एक मोठी आणि एक छोटी, नेहमी जोडीने. तो शेवटचा सूर जुळतो तेव्हा आधीची सगळी घासाघीस कशासाठी होती ते कळतं. 2009 मध्ये युनेस्कोने याची नोंद घेतली. यासाठी वेगळा प्रवास करायची गरज नाही. झाग्रेबच्या जुलैमधल्या लोककला महोत्सवात निरनिराळ्या प्रदेशांचे संघ एकाच शहरात ऐकता येतात. वेळ फारच कमी असेल त्याच्यासाठी तो एकच महोत्सव पुरे. फक्त शहराच्या मंचावर गावची ऊब थोडी हरवते, एवढं धरून चला.

दुब्रोव्निक आणि वाराझदिन

दुब्रोव्निकचा उन्हाळी महोत्सव 1950 पासून होतो आणि त्याच्या तारखा पक्क्या आहेत: 10 जुलै ते 25 ऑगस्ट. बेत आखणाऱ्याला एवढी निश्चिंती दुसरीकडे मिळत नाही. रेक्टरच्या, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, प्रासादाच्या अंगणातल्या मैफली ही इथली खरी कमाई. जागा छोटी, कमानी दगडी, वादक हाताच्या अंतरावर. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. कार्यक्रम रात्री उशिरा सुरू होतात. दिवसभर तापलेला दगड तेव्हाही ऊब फेकत असतो, हातपंखा जवळ ठेवा. आणि खोलीचं भाडं तिकिटापेक्षा कितीतरी पटींनी जास्त पडतं, म्हणून तटबंदीच्या आत राहायचा हट्ट सोडा. आधी तिकीट, मग खोली हा क्रमही उलटा करा: जुलै-ऑगस्टमध्ये खोली मिळणं जास्त कठीण.

याच भागात अत्यंत स्वस्तात मस्त असं काही हवं असेल तर रविवारी चिलिपीला जा. विमानतळाच्या शेजारचं हे गाव. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चसमोर कोनाव्ले या परिसराचे नाच होतात. लियेरित्सा हे तीन तारांचं वाद्य गुडघ्यावर टेकवून गजाने वाजवतात आणि वाजवणारा पायाने जमिनीवर ठोका देतो. तालवाद्य म्हणजे तो पायच. लिंजो नाचात एक जण यमकातून हुकूम सोडतो आणि जोड्या त्याप्रमाणे फिरतात. प्रार्थना संपायच्या आधी पोहोचा, उशीर झाला की मागे उभं राहावं लागतं.

वाराझदिनचा ‘बरोक संध्या’ हा, सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताचा, महोत्सव 1971 पासून सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. झाग्रेबहून सुमारे 80 किलोमीटर. चर्च आणि प्रासादांत जुन्या वाद्यांवर वाजणारं संगीत, शांत शहर, माफक गर्दी. चर्चमध्ये गारठा असतो, स्वेटर लागतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड असेल तर दुब्रोव्निकपेक्षा इथे ऐकण्याचं सुख अधिक, असं आमचं ठाम मत आहे. नव्या, प्रयोगशील संगीताचे चाहते असाल तर विषम वर्षांत एप्रिलमध्ये भरणारा झाग्रेबचा म्युझिक बिएनाले बघा. संगीतकार मिल्को केलेमेन यांनी तो 1961 मध्ये सुरू केला.

किनाऱ्यावरचे डीजे महोत्सव

इथे सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त चुका होतात. तीन ठिकाणं, तीन स्वभाव.

तिस्नो आम्हाला सगळ्यात आवडतं. झादर आणि शिबेनिकच्या मधलं, अर्धं मुख्य भूमीवर आणि अर्धं मुर्तेर बेटावर वसलेलं गाव. ‘गार्डन फेस्टिव्हल’ 2006 मध्ये झादरजवळच्या पेत्रचानेत सुरू झाला, 2012 मध्ये इथे आला आणि 2015 मध्ये थांबला. त्याच जागेवर 2016 पासून ‘लव्ह इंटरनॅशनल’ भरतो. जागा छोटी, पाइन वृक्षांची सावली, ध्वनियंत्रणा नीट लावलेली, मंचावरून पोहायला दोन मिनिटांत. दुपारच्या बोट पार्ट्यांचं तिकीट वेगळं असतं आणि चांगल्या बोटी महोत्सवाच्या कितीतरी आधी भरतात. प्रवेशिका घेतानाच बोटीचं ठरवा. मध्यरात्रीनंतरचा खेळ ‘बार्बारेलाज’ या उघड्या क्लबमध्ये असतो. तो चालत जाण्याच्या अंतरावर नाही, बसने जावं लागतं आणि पहाटे परतीच्या बसला रांग लागते. संपायच्या अर्धा तास आधी निघालं की रांग टळते. गावातला पूल उन्हाळ्यात बोटींसाठी उचलतात, तेव्हा वाहतूक थांबते. विमान गाठायचं असेल तर ही वेळ मोजून निघा.

पाग बेटावरचं झर्चे याच्या अगदी उलट. पापाया, अक्वेरियस, कालिप्सो आणि नोआ हे मोठे क्लब एकाच किनाऱ्यावर. 2011 पासूनचा ‘हायडआउट’ आणि ऑगस्टमधला टेक्नोचा ‘सोनस’ इथलेच. आवाज दणदणीत, गर्दी तरुण, झोपेची आशा नको. किनारा गोट्यांचा आहे, सावली जवळजवळ नाही. रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे जोडे घ्याच. राहायचं नोवाल्यात, तिथून झर्चे तीनेक किलोमीटर. क्लबमधलं पाणीसुद्धा महाग पडतं, म्हणून निघण्याआधी पोटभर पाणी प्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या जवळ ठेवा. बेटावर यायला प्रिझ्ना ते झिग्ल्येन अशी सुमारे पंधरा मिनिटांची फेरी बोट आहे. पण बुरा नावाचा ईशान्येचा वारा सुटला की ती बंद पडते. मग दक्षिणेकडून पागच्या पुलावरून वळसा. बुरा फार वाढला तर पुलावरही उंच गाड्यांना मनाई होते. परतीच्या दिवशी विमान असेल तर आदल्या दिवशीच मुख्य भूमीवर या.

स्प्लिटचा ‘अल्ट्रा युरोप’ हा भव्यतेचा कारभार. 2013 ते 2018 पोल्युद स्टेडियममध्ये झाला, 2019 पासून पार्क म्लाद्येझीत होतो. त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून मनात चित्र करू नका, त्यातली जागा आता नाही. प्रकाशयोजना आणि आतषबाजी दृष्ट लागावी अशी, पण मागच्या भागात आवाज विरतो. आवाजासाठी ध्वनिनियंत्रणाच्या मंडपाच्या किंचित पुढे, मधोमध उभं राहा, तंत्रज्ञ त्याच जागेवरून आवाज जुळवत असतो. आणि कानात बोळे घाला, तीन रात्री सलग आहेत. जुन्या शहरात रस्त्यावर दारू पिणं किंवा उघड्या अंगाने फिरणं यावर स्प्लिट आणि ह्वार बेट दोन्हीकडे नियम कडक आहेत, दंड शेकडो युरोंत जातो.

पुला शहराजवळच्या पुंता क्रिस्तो किल्ल्याची शिफारस अजून बऱ्याच जुन्या लेखांत सापडते. खंदकात लावलेले स्पीकर, दगडी भिंतींत कोंडलेला बास आणि पुला शहरातल्या रोमन रंगमंडलातली सलामीची मैफल यांसाठी ‘आउटलुक’ आणि ‘डायमेन्शन्स’ गाजले होते. पण 2019 नंतर ते तिथून हलले. किल्ला बघायला जरूर जा, महोत्सव धरून जाऊ नका.

रॉकच्या चाहत्यांसाठी झाग्रेबचा ‘इनम्युझिक’ आहे, 2006 पासून, जूनच्या अखेरीस, यारुन तलावातल्या बेटांवर. 5 आणि 17 क्रमांकाच्या ट्राम तिकडे जातात. तारखा अधिकृत जाहीर झाल्याखेरीज विमानाचं तिकीट काढू नका. संध्याकाळी तलावावर डास असतात, मलम न्या.

निघण्याआधी

1 जानेवारी 2023 पासून क्रोएशियात युरो चालतो आणि देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो: प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जुलैचा बेत असेल तर भेटीची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या.

एक सापळा खास सांगायचा. स्प्लिट ते दुब्रोव्निक या वाटेवर नेउमपाशी काही किलोमीटर बोस्नियाची भूमी येते आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथे बाहेर पडल्यावर परत आत येता येणार नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या पेल्येशात्स पुलावरून गेलं की ही अडचण राहत नाही. तिकीट काढण्याआधी बस कोणत्या मार्गाने जाते ते विचाराच. दुब्रोव्निकला रेल्वे नाही, तेव्हा तो पर्याय धरू नका.

बऱ्याच महोत्सवांत रोख चालत नाही, मनगटपट्टीत पैसे भरावे लागतात. उरलेली रक्कम परत मागायला मुदत असते आणि कधी थोडं शुल्कही कापतात. एकदम शंभर भरण्यापेक्षा वीस-वीस युरो भरत जा.

स्प्लिटला उतरल्यावर हातात एक मोकळी सकाळ असेल तर डायोक्लेशियनच्या प्रासादातल्या वेस्तिबुलमध्ये जा. गोल दगडी दालन, वर घुमटाच्या जागी उघडं आकाश. उन्हाळ्यात तिथे रोज एखादा क्लापा उभा असतो. समोर गर्दी करणाऱ्यांत न शिरता मागच्या भिंतीला पाठ टेकवा आणि डोळे मिटून आधी फक्त बास शोधा. तो सापडला की बाकीचे तीन आवाज त्याच्यावर कसे रचले आहेत ते आपोआप उलगडतं. गाणं आवडलं तर समोरच्या पेटीत चार-पाच युरो टाका.